बैलमशीनला दिलेला रंग

आमच्या आप्पांचा धंदा काय, हे मला शाळेत कधी धड सांगता आलं नाही. कुणाचे वडील ऊस लावायचे, कुणाचे फौजेत होते, कुणाचं किराणा दुकान होतं. माझे वडील सायबाच्या वेळची गवत कापायची मशीनं विकायचे. असं सांगितलं की बाई विचारायच्या, "म्हणजे कडबाकुट्टी का?" मी हो म्हणून खाली बसायची. कडबाकुट्टीत निदान जनावराच्या पोटाला काहीतरी जातं. आप्पांच्या मशीननं कापलेलं गवत कुणाच्याच पोटाला जायचं नाही, आणि आमच्या भागातल्या माणसाला ही गोष्ट पटवून देणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही. आईचं माहेर कवठे महांकाळकडचं, कोरडवाहू मुलूख. तिच्या वडिलांनी तर कपाळावर हात मारला होता. म्हणाले होते, "हितं जनावराला काडी मिळंना, आन् जावई गवत कापून टाकून द्याचं मशीन इकतोय!"

आप्पा मूळचे कुंडलचे. घरची उसाची जमीन धाकट्या भावाकडं ठेवून फौजेत गेले आणि तिथं त्यांना ऑफिसर मेसच्या हिरवळीवर नेमलं. गावातले बाकीचे फौजी पारावर बसून बर्फाच्या आणि गोळीबाराच्या गोष्टी सांगायचे, आमचे आप्पा दोन बोटं उंचीच्या गवताची गोष्ट सांगायचे. पोरं चेष्टा करायची, "आप्पा, शत्रू आला तर काय, मशीन अंगावर घालनार व्हय?" आप्पाही हसायचे. पण फौजेत त्यांच्या हाताला जे लागलं ते सुटलं नाही. निवृत्त होऊन सांगलीला आले तेव्हा पेन्शनीशिवाय त्यांच्याजवळ होतं ते एवढंच ज्ञान, आणि सांगलीत त्याला काडीची किंमत नव्हती.

आप्पांचे भागीदार चाचा त्यांना भेटले मिरजेच्या रस्त्यावर. चाचांचं घराणं जुन्या सामानाचं. बंगला रिकामा झाला, क्लब बंद पडला, एखाद्या संस्थानिकाच्या वाटण्या झाल्या की लिलावात चाचा हजर. अशाच एका लिलावातल्या ढिगात त्यांना गवताचं मशीन आलं होतं. ते काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. बीडाचं लोखंड चांगलं निघेल एवढं कळत होतं, म्हणून रस्त्याच्या कडेला टाकून घण उचलला होता. सायकलवरून चाललेल्या आप्पांनी सायकल तशीच आडवी टाकली. "आरं थांब रं गड्या! ह्येला घण नगं घालूस!" हा प्रसंग चाचांनी मला इतक्यांदा सांगितला की मी तिथं उभी होते असंच मला वाटतं. आप्पांनी तिथंच बसून मशीन उकललं, रॉकेलनं धुतलं, जुळवलं. मग खिशातला कागद काढून पात्यात धरला आणि मशीन ढकललं. कागदाची पट्टी सुरीनं कापावी तशी सरळ तुटून पडली. चाचा घणाला टेकून म्हणाले, "या खुदा, आमी आजवर काय काय फोडलं आसंल रं?"

तिथून दोघांची भागी सुरू झाली. चाचांनी आणायचं, आप्पांनी चालवायचं. आणि त्या रस्त्यावरच्या घणामुळंच असेल, दोघांनी एक नियम ठरवून टाकला. मशीन भंगारात घालायचं नाही. कितीही दिवस पडून राहिलं तरी नाही. चाचा म्हणायचे, "गिऱ्हाईक उशिरा आलं तर आलं म्हनता येतंय. घनाखाली गेलेलं परत येत न्हाई."

आमच्या दोन जिल्ह्यांत हा धंदा करणारे तसे मोजकेच. साताऱ्याला एक होते, ते पाचगणी-महाबळेश्वरच्या बंगल्यांतनं माल उतरवायचे. त्यांच्याकडचं प्रत्येक मशीन गव्हर्नरच्या बागेतलं असायचं. आप्पा म्हणायचे, "त्या गव्हर्नरला दुसरं काय काम न्हवतंच, दिसभर नुसता गवत कापत व्हता." सातारकर आप्पांना 'सांगलीचा न्हावी' म्हणायचे, कारण गवताची हजामत. पण एखादं पातं जुळेना झालं की तेच मशीन टेम्पोत घालून सांगलीला पाठवायचे. गिऱ्हाईक म्हणाल तर साखर कारखान्यांची गेस्ट हाउसं, डॉक्टरांचे बंगले, कॉलेजची मैदानं, टेनिसची दोन-चार कोर्टं. कारखान्याचा नवा चेअरमन झाला की पहिल्यांदा गेस्ट हाउसपुढं हिरवळ करायचा आणि मग आप्पांना बोलवायचा.

विकण्याची एक रीत होती. मशीन आलं की पहिल्यांदा सगळं उकलायचं. एमरी पावडर तेलात कालवून पात्यांना लावायची आणि पाती उलटी फिरवत बसायचं, धार लागेपर्यंत. मग पॉलिश पेपरनं अंग घासून गंज काढायचा, रेड ऑक्साइड मारायचा आणि वर ऑइलपेंटचे हात द्यायचे. अंग हिरवं, चाकं लाल, दांडे सिल्व्हर. म्हसवडच्या जनावरांच्या बाजारात खोंड उभं करणारा माणूस त्याची शिंगं तासून, रंगवून, गळ्यात घुंगरं घालूनच उभं करतो, तसंच हे. मळकी वस्तू गिऱ्हाईकापुढं ठेवणं म्हणजे त्याला हलकं समजणं, असं दोघांचं मत. आणि शेवटी गिऱ्हाईकाच्या हातात वर्तमानपत्राची पट्टी द्यायची, पात्यात धरायला लावायची आणि मशीन ढकलायचं. पट्टी तुटली की सौदा झाला. त्याच्यावर कधी कुणी घासाघीस केलेली मला आठवत नाही.

त्या सगळ्या मशीनांत एकच होतं जे कधी विकलं गेलं नाही. बैलमशीन. चाचांनी एका संस्थानी बंगल्याच्या मैदानावरून आणलेलं, माणसाला न ढकलवणारं, बैल जुंपून ओढायचं. गिऱ्हाईकच आलं नाही, म्हणून त्याला नुसती धार लागली, रंग कधी लागला नाही. माझ्या लहानपणी ते मला घराएवढं वाटायचं. चाचांनी ते आणलं तेव्हा सातारकरांनी खास हसायला म्हणून सांगलीपर्यंत फेरी मारली होती. पण पुढं काही वर्षं एका कॉलेजचं क्रिकेटचं मैदान त्याच्यावर कापलं गेलं. चाचांनी मोठ्या हौसेनं म्हसवडहून खिलारी खोंड आणला. तो मशीनचा खडखडाट ऐकताच सुटला तो थेट पॅव्हेलियनमध्ये. मग कुंडलच्या भावाचा एक म्हातारा, शांत बैल आणला. खुरांचे ठसे हिरवळीवर उठू नयेत म्हणून मिरजेतल्या एका चांभाराकडून त्याला चामड्याचे बूट शिवून घेतले. बूट घातलेला बैल बघायला अख्खी शाळा यायची. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की वडिलांचा धंदा सांगायला हरकत नाही.

पुढं बैल गेला, घरच्या शेतात ट्रॅक्टर आला. बेंदराला आई मातीचे बैल पुजायची. आप्पा मात्र शेडमध्ये जाऊन बैलमशीनला हळदकुंकू लावायचे, झेंडूची माळ घालायचे आणि पुरणपोळीचा तुकडा जुवावर ठेवायचे. चाचा यायचे पोळी खायला. म्हणायचे, "बैल न्हाई तर न्हाई, त्येचं औत तरी हाय की."

मग जे सगळ्यांचं होतं ते ह्यांचंही झालं. पेट्रोलची स्वस्त मशीनं आली, मग खांद्याला अडकवून फिरायची आली. ती गवत कापत नाहीत, फाडतात. कापलेल्या हिरवळीची टोकं दुसऱ्या दिवशी पांढरी पडतात. आप्पा हे दिसेल त्याला सांगायचे आणि दिसेल तो हो हो म्हणून पुढं जायचा. कारखाने कर्जात बुडाले, गेस्ट हाउसपुढं गाड्या लागायला लागल्या. चाचा गेले. जाण्याआधी दवाखान्यात आप्पांचा हात धरून त्यांनी एकच विचारलं, "थोरलं मशीन?" आप्पा म्हणाले, "हाय. घन लागू द्याचा न्हाई." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

चाचांच्या मागं आप्पांनी हलकी मशीनं हळूहळू मिळेल त्याला देऊन टाकली. बैलमशीन तेवढं राहिलं. मधल्या काळात आमच्या भागात प्रत्येक मंगल कार्यालयाच्या नावापुढं 'लॉन्स' लागलं. त्यांच्या एका पुतणीच्या लग्नाला मी आप्पांना घेऊन गेले. दारातच हिरवंगार पसरलेलं बघून त्यांचा चेहरा उजळला. काठी माझ्या हातात देऊन ते खाली बसले आणि त्यांनी हात फिरवला. मग चिमटीत धरून ओढलं. वर बघून मला म्हणाले, "ह्ये कापायचं न्हाई?"

"नाही आप्पा. हे धुवायचं."

ते अक्षता पडेपर्यंत खुर्चीवर बसून पायाखाली बघत राहिले. हे प्लास्टिकचं गवत गुंडाळीनं पुरवणारा माणूस म्हणजे साताऱ्याच्या त्या गव्हर्नरवाल्यांचा मुलगा, हे मी त्यांना सांगितलं नाही. ते त्यांना दुसऱ्या कुणीतरी सांगितलंच.

मी साताऱ्याला नोकरी करते, सासर तिथलंच. आई गेल्यावर आप्पांना इकडं आणायचा प्रयत्न मी भांडून भांडून केला. ते शेड सोडेनात. मग यंदा रस्ता रुंद करायची खूण शेडच्या भिंतीवर येऊन पडली. दिवाळीनंतर पाडणार. भंगारवाला रोज सकाळी फाटकाशी सायकल लावून "आप्पा, काय ठरलं?" विचारायला लागला. सभ्य माणूस आहे बिचारा, पण त्याला बघितलं की आप्पांचा चहा कपातच राहायचा.

म्हणून मी हातपाय हलवले. फोटो काढले, इकडं तिकडं पाठवले. पुण्याच्या एका गृहस्थांचा फोन आला. जुनी बागेची मशीनं जमवतात, त्यांचं संग्रहालय करतायत. बैलानं ओढायचं मशीन फोटोत बघून ते हरखून गेले होते. म्हणाले, "बेंदूर झाला की आठवड्यात येतो. आणि एक विनंती. काही करू नका हं. आहे तसंच राहू द्या." मी आप्पांना फोनवर शब्दन् शब्द सांगितला. आप्पा खूश झाले. "शाणा माणूस दिसतोय. चांगल्या घरचा हाय."

आता जरा आमच्याकडची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडं पाहुणा यायच्या आधी "काही करू नका" असंच म्हणतो. न म्हणणारा पाहुणा उद्धट. आणि हे ऐकून जो खरंच काही करत नाही, त्याच्या घराला नावं ठेवतात. मुलगी बघायला येणारे म्हणतात, "आहे तशी असू दे, नटवूनबिटवू नका." म्हणून कुणी मुलीला भांडी घासताना उठवून पुढं बसवतं का? पाहुणा जितक्यांदा नको म्हणेल तितकं तूप जास्त वाढायचं. आप्पांनी हेच केलं. मला तर त्यात काही वावगं असेल हे सुचलंही नाही. मी साताऱ्यात बसून पोह्यांसाठी शेंगदाणे आणायची आठवण करत होते.

ठरल्या दिवशी मी सकाळच्या एसटीनं सांगलीला पोचले. शेडचं दार उघडलं आणि मीच थक्क झाले. अंग हिरवं, चाकं लाल, दांडे सिल्व्हर. जुवाला बेंदराची झेंडूची माळ. वर्षानुवर्षांचा मळकट करडा थर पार घासून काढलेला. आप्पांचे हात थरथरतात, चहाची बशी धरवत नाही; पण रंगाचा एक ओघळ नव्हता. बोटांची कातडी सोलवटलेली. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला फेटा. म्हणाले, "कसं झालंय?" मी म्हणाले, "नवरदेव दिसतंय आप्पा." आणि ते खरंच होतं.

गृहस्थ आले. दारात थांबले. त्यांच्या हातातला कॅमेरा वर आलाच नाही. मशीनभोवती एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं, आणि फार हळू विचारलं, "याच्यावर आधी अक्षरं होती का हो?"

"व्हती की!" आप्पा उत्साहानं म्हणाले. "सोनेरी. आर्धी उडून गेलेली, घाण दिसत व्हती. समदी घासून काढली. खाली एक निळसर रंग व्हता जुना, लय चिवट. त्योबी काढला."

मग आप्पांनी त्यांच्या हातात वर्तमानपत्राची पट्टी दिली. आम्ही तिघांनी, म्हणजे मी, आप्पा आणि त्या गृहस्थांचा ड्रायव्हर, मशीन पुढं रेटलं. पट्टी सरळ तुटून पडली. आप्पा त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. आजवर पट्टी तुटली की गिऱ्हाईक एकच शब्द बोलायचं, "घेतलं." हे गृहस्थ म्हणाले, "धार सुंदर आहे." पोहे खाल्ले, आप्पांच्या पाया पडले आणि कळवतो म्हणाले.

मी गाडीपर्यंत गेले. तिथं त्यांनी सांगितलं. त्यांना तो जुना रंग हवा होता. ती अर्धी उडालेली अक्षरं हवी होती. त्याच्यावरूनच मशीन कुठलं, कधीचं हे ठरणार होतं. आता ते नुसतं लोखंड आहे, म्हणाले, छान रंगवलेलं. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "मग तसं सांगायचं ना!"

"मी म्हणालो होतो ताई, काही करू नका."

"ते सगळेच म्हणतात!"

ते गाडीत बसले. दुष्ट माणूस असता तर बरं झालं असतं, मला शिव्या तरी देता आल्या असत्या. त्यांचे डोळे भरले होते. गाडी गेल्यावर मी रस्त्यावरच उभी राहिले. आयुष्यभर ज्या रीतीनं आप्पा नीट वागले, त्याच रीतीनं त्यांचा घात केला, आणि बोट दाखवायला समोर कुणीच नाही.

आत आले तेव्हा आप्पा म्हणाले, "हिरवा जरा भडक झाला का गं?" मी सांगून टाकलं. मला गोड बोलता येत नाही. ते आधी हसले. मग थांबले. "जुनंच पायजे व्हतं?" म्हणाले. "जुनंच, आप्पा." त्यांनी जुवावरची माळ काढली, नीट गुंडाळली आणि खिडकीत ठेवली. 

पुढच्या वेळी मी गेले तेव्हा शेडमध्ये मशीन नव्हतं. वाटलं, भंगारवाला. पण ते मागं परड्यात होतं, उघड्यावर, पावसात. थिनर लावून लावून सगळा रंग काढला होता. पोतं पांघरून आप्पा शेजारी उभे होते आणि हातातल्या तांब्यानं पाणी ओतत होते. मी ओरडले, "आवं आप्पा, काय चाललंय? गंजंल की ते!"

"म्हणून तर," आप्पा म्हणाले. "मिठाचं पाणी हाय. मिठानं लवकर धरतंय."

ज्या माणसानं जन्मभर गंजाशी वैर केलं, ओल्या हातानं कुणाला पात्याला हात लावू दिला नाही, तो आता रोज सकाळी आंघोळीच्या आधी मशीनला मिठाचं पाणी घालत होता. मी हात धरला, तांब्या हिसकावून घेतला, म्हणाले, असं होत नाही आप्पा, नवा गंज तो नवाच दिसतो, गेलेली अक्षरं गंजातनं उगवत नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "जुनं व्हायला किती साल लागत्यात गं?"  मी तांब्या परत दिला.

साताऱ्याला येऊन मी त्या गृहस्थांना फोन केला. मान खाली घालायची मला सवय नाही, पण अक्षरशः विनवलं. म्हटलं, नुसतं कोपऱ्यात उभं करा, नाव नको, काही नको. ते म्हणाले, त्यांना दुसरीकडं तसंच एक मिळालं. मूळ रंगातलं. जागा एकाचीच आहे. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले. आप्पांना हे सांगायचं राहिलं. खरं सांगायचं तर जीभच रेटली नाही, आणि माझी जीभ न रेटणं ही आमच्या घरात नवलाची गोष्ट आहे.

नवरात्रात गेले. पाऊस उघडला होता. परड्यात मशीन उभं होतं, विटकरी लाल, चाकं मातीत रुतलेली. भंगारवाल्याची सायकल फाटकाला टेकलेली होती आणि तो बाहेर विडी ओढत बसला होता. आप्पा माझीच वाट बघत होते. पोरासारखे उतावीळ झालेले. म्हणाले, "कागद आन."

मी वर्तमानपत्राची पट्टी फाडून आणली आणि पात्यात धरली. आप्पांनी दोन्ही हातांनी चाक फिरवायला जोर लावला. मीही एक हात लावला. आत काहीतरी करकरलं, पाती थोडी हलली आणि अडकली. पट्टी तुटली नाही. दुमडून, चुरगळून बाहेर आली, तिच्यावर लाल फरकाटा उठलेला.

आप्पांनी ती माझ्या हातातनं घेतली. उन्हात धरून दोन्ही बाजूंनी बघितली. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू आलं.

"आता झालं बघ जुनं," ते म्हणाले. "लाव त्यास्नी फोन."